मुठीतला पेचकस

१

बलभीमअण्णा त्यांच्याच ट्रॅक्टरखाली गेले, ही बातमी मी बेंबळीच्या बाजारात ऐकली, हळहळले आणि कामाला लागले. जुन्या ट्रॅक्टरखाली माणूस गेल्याची बातमी आमच्याकडं दर हंगामात कुठून ना कुठून येतेच. पण त्यांचं दिवसकार्य उरकल्यावर त्यांच्या मुलीचा, निकिताचा, मला फोन आला. ट्रॅक्टर विकायचा होता, किंमत काढून हवी होती. येईल त्या भावात द्यायचा, पण लवकर द्यायचा, असं ती म्हणाली.

येईल त्या भावात देणारा माणूस माझ्या धंद्यात भेटत नाही. मी शुभांगी, राहणार धाराशिव. जुन्या शेती अवजारांची किंमत ठरवणं हा माझा धंदा. माझे वडील शिवलिंगप्पा, त्यांचं उमरग्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, त्यामुळं बाहुल्यांऐवजी मी बेअरिंगांशी खेळले. विकणारा यंत्र धुऊन, रंगवून, कधी कधी हार घालून पुढं आणतो. घेणारा नाक मुरडून टायरला लाथ मारतो. मी दोघांच्याही तोंडाकडं बघत नाही. काय झिजलंय आणि काय झिजलेलं नाही, एवढंच बघते, आणि त्यामुळं दोघंही माझ्यावर नाराज असतात.

निकिताच्या घरी गेले तर ओसरीवर मथुराबाई, बलभीमअण्णांची बायको, भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. निकितानं मला चहा दिला आणि एक कप आईजवळ ठेवला. मथुराबाईंनी मान वळवली नाही. चहावर साय धरली तरी कप तिथंच होता. मला ते बघवेना.

शेतात जाताना निकितानं झालं ते सांगितलं. ती शेतकी शिकून घरीच शेती करणारी मुलगी, गावात ट्रॅक्टर चालवणारी एकटीच. आदल्या दिवशी संध्याकाळी तिनंच ट्रॅक्टर शेडपुढं उभा केला होता. तिथं उतार आहे आणि हँडब्रेक धरत नाही, म्हणून गियरमध्येच सोडला. तसं करायला तिला अण्णांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी चावी दोन-तीनदा फिरवावी लागली होती, तेही तिनं अण्णांच्या कानावर घातलं होतं. सकाळी अण्णा एकटेच पुढं गेले. निकिता न्याहारी घेऊन पोचली तेव्हा ट्रॅक्टर चिंचेच्या बुंध्याला टेकून बंद पडलेला, मागं चाकोरीत अण्णा पडलेले, आणि त्यांच्या मुठीत पेचकस.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या ट्रॅक्टरची चावी काम करेनाशी झाली की आमचे लोक ती दुरुस्त करत नाहीत. खाली उभं राहून, मागच्या चाकापुढं वाकून, स्टार्टरच्या दोन बोल्टांना पेचकस टेकवतात. ठिणगी उडते आणि इंजिन सुरू होतं. ट्रॅक्टर न्यूट्रलला असला तर ठीक. गियरमध्ये असला तर तो जागेवरून उडी घेतो आणि मागचं चाक वाकलेल्या माणसावरून जातं. पोलिसांनी तेच लिहिलं आणि गावानंही तेच मानलं. फक्त गावानं त्यात एक वाक्य घातलं, की पोरीनं गियरमध्ये सोडला म्हणून बाप गेला.

"ते खरंच आहे, ताई," निकिता म्हणाली. "म्याच मारलं अण्णांना. आई तवापासून माझ्याशी बोलली न्हाई."

मी ट्रॅक्टरकडं वळले. ट्रॅक्टर निकितापेक्षा वयानं मोठा होता, पण राखलेला. चावी फिरवली तर तिसऱ्या खेपेला सुरू झाला. मी बंद केला आणि सवयीनं स्टार्टरपाशी वाकले. दोन्ही बोल्टांवर मूळची रबरी टोपी होती. तिच्यावर धूळ आणि तेल मिळून काळा थर बसला होता, इतका घट्ट की कडा स्टार्टरला चिकटल्या होत्या. मी चाकूच्या पातीनं तो थर खरवडला, मग टोपी काढली. आत दोन्ही बोल्ट गुळगुळीत होते, ठिणगीचा एक डागही नव्हता.

मी तिथंच मातीत बसले. या ट्रॅक्टरला आजवर कोणी पेचकस लावलाच नव्हता. अण्णांनीही नाही.

२

निकिताला मी लगेच काही बोलले नाही. एखाद्याला आशा लावायची आणि ती खोटी निघायची, हे पाप मला नको होतं. मी फक्त विचारलं, तो पेचकस कुठं आहे. पोलिसांनी बघून परत दिला होता. तिनं तो शेडमधल्या फळीवरून काढला, फडक्यात बांधून ठेवलेला.

"मुठीतून सुटंना," ती म्हणाली. "एकेक बोट उचलून काढावा लागला."

मी तो उन्हात धरला. लाकडी मुठीचा, जाड, जुना. टोकाशी ठिणग्यांनी खाल्लेले बारीक खड्डे, आणि टोकापासून बरंच वर, दांड्याच्या मध्यावर, तसेच खड्डे. असे खड्डे एका दिवसात पडत नाहीत. वर्षानुवर्षं रोज सकाळी ज्यानं ट्रॅक्टर सुरू केला, त्याच्या हातातलं हे हत्यार होतं. टोक एका बोल्टवर टेकत होतं आणि दांडा दुसऱ्यावर, म्हणून दोन जागी जळालेलं.

पण अण्णांचे बोल्ट तर कोरे होते.

हा पेचकस घरचा आहे का, असं मी विचारलं. निकितानं डोकं हलवलं. घरचा नव्हता, पण अण्णांनी कोणाकडून तरी मागून घेतला असेल असं तिला वाटलं होतं. त्या सकाळी तिच्या डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती. मग मी विचारलं की आसपास कोण कोण असा ट्रॅक्टर सुरू करतं. तिनं तीन नावं घेतली. एक बिभीषण, अण्णांचा जुना ड्रायव्हर, निकिता चालवायला शिकली तेव्हा त्याचं काम सुटलं. दुसरा रणधीर, जुने ट्रॅक्टर घेऊन विकणारा, भूमच्या बाजारात बसणारा. तिसरे कृष्णराजकाका, अण्णांचे धाकटे भाऊ, बांधाला बांध लागलेले.

"काका लई चांगलेत," ती पुढं म्हणाली. "तेच एकटे रोज येतात. माझ्या हातचा चहा घेतात. म्हणतात, तुझी चूक न्हाई, नशिबाचा खेळ."

ती महिनाअखेरीला मामांकडं पुण्याला जाणार होती, कायमची. शेत चुलत्याला कसायला द्यायचं, ट्रॅक्टर विकायचा, आणि पुन्हा या गावात तोंड दाखवायचं नाही. ते ऐकून माझा संताप झाला. पोरगी शेती सोडून, घर सोडून, आई सोडून चालली होती, एका खोट्या गोष्टीपायी. आणि ती खोटी आहे हे निदान एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. या पेचकसाच्या धन्याला.

पोलिसांत जाऊन काय सांगणार होते मी? रबराच्या टोपीवर धूळ होती म्हणून? त्यांनी मला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

"ट्रॅक्टरची किंमत आज सांगत नाही," मी म्हणाले. "आसपासचे जुने ट्रॅक्टर बघते, मग भाव धरते."

पेचकस मी माझ्या पिशवीत टाकला.

३

किंमत काढणाऱ्या बाईला कोणी दारातून परत लावत नाही. विकायचं नसलं तरी आपल्या यंत्राचं काय येईल हे प्रत्येकाला ऐकायचं असतं.

बिभीषण आता दुसऱ्या एका बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवत होता. माणूस तुसडा. निकिताचं नाव काढताच त्यानं थुंकून टाकलं. त्याच्या ट्रॅक्टरचे बोल्ट मी बघितले, जळून काळे पडलेले. सुरू करून दाखव म्हणाले तर त्यानं सीटखालून विळा काढला आणि विळ्याची पाठ बोल्टांना टेकवली. ट्रॅक्टर धडधडायला लागला. पेचकस का वापरत नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, इथले बोल्ट लई जवळजवळ आहेत, विळ्याचं काम पेचकसाला कशाला. मी बोटांनी अंतर धरून बघितलं. खड्ड्यांमधल्या अंतराच्या निम्मंही नव्हतं.

अण्णांबद्दल मात्र तो हळूहळू बोलायला लागला. काम सोडल्यावरही अण्णा त्याला अधूनमधून हाक मारत. कशासाठी, असं मी विचारलं.

"नांगर जोडायला," बिभीषण म्हणाला. "त्ये काम एकट्याचं न्हाई. एकानं ट्रॅक्टर मागं घ्यायचा, एकानं नांगरापाशी हुबं ऱ्हायचं. अण्णा एकट्यानं कधीच जोडायचे न्हाईत. त्या दिवशी नांगरायचं व्हतं म्हणं. आन् मला बलावलं न्हाई."

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली, आणि ती सांगताना आवाज खाली आणला. दोघा भावांचं वर्षभर बोलणं नव्हतं. बांध कोरण्यावरून भांडण झालं होतं आणि महादेवाच्या देवळापुढं, सगळ्या गावासमोर, कृष्णराज थोरल्या भावाला म्हणाला होता की पुन्हा बांध कोरलास तर ट्रॅक्टरखाली घालीन.

मी स्वतःला आवरलं. रागात माणसं काय काय बोलतात, आणि बहुतेक जण घरी जाऊन जेवून झोपतात.

रणधीर भूमला भेटला. गोड बोलणारा, पांढरे कपडे घालणारा, हात कधी काळे न करणारा. मी काही विचारायच्या आधीच त्यानं त्या ट्रॅक्टरचा विषय काढला. धनी खाल्लेलं यंत्र कोणी दारात उभं करत नाही, भंगाराच्या भावात मीच उचलतो, तुम्ही फक्त तसा आकडा सांगा, असं तो मला समजावू लागला. वर माझं काय ते बघून घेऊ, असंही म्हणाला. अपघाताच्या आदल्याच दिवशी तो अण्णांकडं गेला होता आणि त्यांनी त्याला हाकललं होतं, हे त्याच्याच पोराकडून मला कळलं.

पोरीनं गियरमध्ये सोडला ही गोष्ट बाजारभर कोणी केली, असं मी सरळ विचारलं. तो हसला.

"म्याडम, लोकं बोलतात. आपण उलसं, जरासं वारं घालायचं. भाव खाली येतो."

आयुष्यात मी पुष्कळ लबाड दलाल पाहिले, पण एका मुलीच्या डोक्यावर बापाचा खून ठेवून भाव पाडणारा पहिल्यांदाच पाहिला. क्षणभर वाटलं की तोच. त्याच्या आवारातले ट्रॅक्टर मी एकेक करून बघितले. सगळ्यांना स्टार्टरपासून दोन वायरी बाहेर काढून ठेवलेल्या, त्या एकमेकींना टेकवायच्या की काम झालं. पेचकसाची कुणाला गरजच नव्हती. लबाड होता, हलकट होता, पण हा पेचकस त्याचा नव्हता.

उरलं एकच नाव, आणि ते मला नको होतं.

४

कृष्णराजकडं जाण्याआधी मी पुन्हा अण्णांच्या शेतात गेले. बिभीषणचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. नांगर जोडायचं काम एकट्याचं नाही.

नांगर शेडपासून थोडा पुढं, वाकडा पडलेला होता. पहिल्या दिवशी मी तो पाहिला होता आणि कुणीतरी सरकवला असेल म्हणून पुढं गेले होते. त्याची किंमत मला कोणी विचारली नव्हती, आणि विचारल्याशिवाय बघायचं नाही ही माझी वाईट खोड. आता मी गुडघे टेकून बसले.

ट्रॅक्टरच्या मागं दोन लोखंडी दांडे असतात. नांगराच्या दोन बाजूंना दोन जाड पिना असतात. डावा दांडा डाव्या पिनेवर अडकवायचा, मग ट्रॅक्टर थोडा मागं घेऊन उजवा. या नांगराची उजवी पिन सरळ होती आणि तिच्यावर जुना गंज होता. डावी पिन वाकली होती. जिथं वाकली तिथला रंग तडकून आतलं लोखंड दिसत होतं, आणि त्यावर गंजाचा नुसता पिवळट हात फिरला होता. वाकणं ताजं होतं, अण्णा गेले त्या सुमाराचं.

एका पिनेवर जोडलेला नांगर कोणी ओढत नाही. ओढला तर पिन अशीच वाकते आणि नांगर असाच तिरका फरफटत येतो. म्हणजे त्या सकाळी डावा दांडा जोडून झाला होता, उजवा व्हायचा होता, आणि तेवढ्यात कोणीतरी ट्रॅक्टर एकदम पुढं नेला. नंतर नांगर सोडवला.

अण्णा नांगरापाशी उभे असतील तर सीटवर कोण होतं?

ट्रॅक्टरनं उडी घेतलीच नव्हती. गियरमध्ये सोडल्यानं काहीच झालं नव्हतं. निकितानं काहीच केलं नव्हतं. अण्णा मागं येणारा ट्रॅक्टर आणि नांगर यांच्या मध्ये सापडले होते, आणि ट्रॅक्टर मागं आणणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर बसलेला होता. ज्या माणसानं वर्षापूर्वी सगळ्या गावासमोर त्यांना ट्रॅक्टरखाली घालण्याची भाषा केली होती, तोच असेल तर हा अपघात कसला?

बांधापलीकडं कृष्णराजची वस्ती दिसत होती. तो दारातच होता. त्यानं मला बघून हात केला.

५

कृष्णराज माणूस बारीक, पुढं वाकलेला, डोळे खोल गेलेले. मी आले म्हणून त्याला बरंच वाटलं. निकिताचा ट्रॅक्टर चांगल्या घरी जावा, रणधीरला देऊ नका, असं तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. पोरीचं नाव निघालं की त्याचा आवाज फाटत होता. मी मनात म्हटलं, नाटक असेल तर उत्तम आहे.

त्याचा ट्रॅक्टर बघायला मागितला. टायर बोडके, सीटला पोत्याचं गाठोडं, मडगार्ड तारेनं बांधलेलं. आणि या सगळ्या दैन्यात एक वस्तू नवी कोरी होती, चावीचा स्विच. ज्याचे टायर गेलेत तो माणूस आधी स्विच घेत नाही. मी तसं बोलून दाखवलं.

"दादा गेल्यापासून पेचकस हातात धरवत न्हाई," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेला.

उत्तर बरोबर होतं. कोणीही तेच दिलं असतं. मी पिशवीतून पेचकस काढला आणि स्टार्टरपाशी वाकले. इथले बोल्ट जळून खडबडीत झाले होते, आणि एकमेकांपासून चांगले लांब होते. टोक एका बोल्टवर ठेवलं. दांडा आपोआप दुसऱ्यावर टेकला. मी पेचकस थोडा फिरवला. वरचा खड्डा बोल्टच्या उंचवट्यात जाऊन बसला आणि हलेना.

मागं तांब्या पडल्याचा आवाज झाला.

कृष्णराज दारात उभा होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, पेचकसाकडं बघत होता. पाणी त्याच्या पायांवरून वाहत होतं. मला भीती वाटायला हवी होती, वस्तीवर आम्ही दोघंच होतो. पण तो माणूस इतका मोडून गेलेला दिसत होता की भीती आलीच नाही, राग आला.

सीटवर तुम्हीच होतात, मी म्हणाले. भाऊ गेल्यावर हा त्यांच्या हातात ठेवलात. आणि त्यानंतर रोज जाऊन त्या पोरीच्या हातचा चहा पीत होतात.

त्यानं नाकारलं नाही आणि कबूलही केलं नाही. फक्त डोकं हलवत राहिला. आणि मी बोलता बोलता माझ्याच वाक्यावर अडखळले.

हातात ठेवलात. मेलेल्या माणसाच्या हातात वस्तू ठेवता येते, पण ती मूठ त्याला आवळायला लावता येत नाही. सैल हातातून पेचकस गळून पडला असता. निकिताला तर एकेक बोट उचलावं लागलं होतं. इतकी घट्ट मूठ जिवंत माणसाचीच, मरायच्या क्षणी जिवाच्या आकांतानं धरलेली. म्हणजे अण्णांनी तो स्वतः धरला होता. आपल्याला चिरडणाऱ्या माणसाचा पेचकस, आपणहून, आणि सोडायचा नाही म्हणून धरला होता.

मी एवढंच विचारलं, "त्यांनी मागून घेतला?"

कृष्णराज मटकन खाली बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं.

६

हे मला सांगू नका, ज्यांना सांगायचं त्यांना सांगा, असं म्हणून मी त्याला गाडीत घातलं. मथुराबाई ओसरीवर तशाच बसल्या होत्या. निकिता कपडे घडी करून बॅगेत भरत होती. कृष्णराज ओसरीवर चढला नाही. अंगणात, खाली मातीत बसला. मी टोपी, खड्डे आणि वाकलेली पिन, तिन्हींचं थोडक्यात सांगितलं. उरलेलं त्यानं सांगितलं.

त्या सकाळी तो आपल्या रानात निघाला होता. बांधावरून अण्णांनी हाक मारली, वर्षभरात पहिल्यांदा. म्हणाले, नांगर जोडायला ये, आणि यंदा येळवशीला दोन कोपी नकोत, एकाच कोपीत पूजा करू, पोरं एकत्र जेवतील. आमच्याकडं येळवशीला, म्हणजे येळअमावस्येला, शेतात कडब्याची कोपी, छोटी खोप, करून जेवण असतं, आणि भावाभावांत फाटलं की सगळ्यात आधी कोपी वेगळी होते. कृष्णराज आपला ट्रॅक्टर सोडून, पेचकस हातात तसाच घेऊन, पळत गेला.

"डावी पिन बसली," कृष्णराज म्हणाला. "दादा म्हणला, उलसं मागं घे. माझं ध्यान कुठं, वहिनी, म्या येळवशीचाच इचार करीत व्हतो. क्लचवरनं पाय घसरला."

पुढचं त्याला बोलवत नव्हतं. ट्रॅक्टर एकदम मागं गेला आणि अण्णा मध्ये सापडले; त्यांना सोडवायला पुढं घेतला तर नांगर एका बाजूनं फरफटत आला. अण्णा खाली पडले, पण शुद्धीवर होते. तो दवाखान्यात न्यायला उचलू लागला, तर त्यांनी त्याचा हात धरला.

"म्हणला, किसना, देवळापुढं बोललास त्ये समद्या गावानं ऐकलंय. तू बोलल्यागत केलंस म्हणतील. तुजा जल्म तुरुंगात जाईल. नांगर सोडव, ट्रॅक्टर चिंचेला टेकव. तुजा पेचकस दे इकडं. आन् आईची आन हाय, कुणाला सांगू नको."

तो ट्रॅक्टर टेकवून परत आला तेव्हा अण्णा गेले होते. मूठ मिटलेली होती. तो बांध ओलांडून आपल्या रानात गेला आणि निकिताची किंकाळी ऐकून पुन्हा धावत आला, पहिल्यांदाच आल्यासारखा.

एक माणूस मरताना आपल्या भावाला वाचवून गेला होता. संध्याकाळी ट्रॅक्टर कोणी उभा केला होता, हे त्या वेळी त्याच्या ध्यानातही आलं नसेल. भावाला झाकताना त्यानं पोरीला उघडं टाकलं, आणि त्याला ते कधी कळणारही नव्हतं.

पण कृष्णराजला कळलं होतं. गाव पोरीला बोल लावू लागलं तेव्हा का नाही बोललात, असं मी विचारलं.

"आन व्हती," तो म्हणाला. "आन् भ्या बी व्हतं. निम्मं भ्याच व्हतं."

त्यानं निकिताच्या पायांकडं हात नेला. ती मागं सरकली. आत्ता बेंबळीच्या ठाण्यात जातो, देवळापुढं उभं राहून सगळ्या गावालाही सांगतो, असं तो म्हणत होता. ती ऐकत होती की नाही कोणास ठाऊक. तिच्या हातात घडी घातलेला एक कुडता होता आणि तो ती पुन्हा पुन्हा तशीच घडी करत होती. मी तिच्याकडं बघत होते. मला वाटलं आता ती रडेल, मोकळी होईल. तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, तिला जबर मार बसल्यासारखं दिसत होतं.

मथुराबाई वळल्या. मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. त्या दिराशी बोलल्या नाहीत. त्यांनी लेकीकडं बघितलं आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. आवाज घोगरा निघाला.

"निकू."

निकितानं कुडता बॅगेवर ठेवला.

"काका भ्याले म्हणून गप बसले," ती म्हणाली. "तू का गप बसलीस, आई?"

निकिता थोडा वेळ वाट बघत उभी राहिली, खरंच वाट बघत, मग पायऱ्या उतरली. कृष्णराजला वळसा घालून अंगणाबाहेर गेली आणि रानाच्या वाटेला लागली. बॅग ओसरीवरच राहिली.

मथुराबाई उठल्या. इतके दिवस बसून पाय अवघडले होते, खांबाला धरून त्या उभ्या राहिल्या. चपला घातल्या नाहीत. मी हात द्यायला पुढं झाले तर त्यांनी मला बाजूला केलं आणि भरभर, लंगडत, वाटेला लागल्या. पुन्हा पुन्हा त्या हाक मारत होत्या.

निकितानं एकदा मागं वळून बघितलं. ती थांबली नाही. फक्त चाल हळू केली, आई गाठू शकेल एवढी.